घरगुती व्हिडिओ गेम कन्सोल : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील वापर

घरगुती व्हिडिओ गेम कन्सोल हे दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळ खेळण्यासाठी बनविलेले विशेष संगणकीय यंत्र आहे. ते हातातील नियंत्रकाद्वारे चालविले जाते. खेळ पूर्वी कॅसेटवर मिळत, नंतर डिस्कवर मिळू लागले आणि आता ते आंतरजालावरूनही उतरवून घेता येतात. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत अशा यंत्राचा वापर करताना वीजपुरवठा, पाऊस, धूळ आणि आंतरजालाची मर्यादा या गोष्टींचा विचार शहरापेक्षा अधिक करावा लागतो. यंत्रासोबत येणारी माहितीपुस्तिका स्थिर वीज व जलद आंतरजाल गृहीत धरून लिहिलेली असते. मळ्यातील वस्तीवर या दोन्हींची खात्री देता येत नाही. घरातील एका हंगामाच्या शिलकीतून घेतलेले यंत्र एका पावसाळ्यात निकामी होऊ नये, यासाठी पुढील बाबी ध्यानात घ्याव्या लागतात.

नाव

मराठीत ‘कन्सोल’ हा शब्द वर्तमानपत्री लेखनापुरताच रुळला आहे. बोलण्यात यंत्रालाही ‘व्हिडिओ गेम’ म्हणतात आणि त्यावरील खेळालाही. नियंत्रकाला जुनी पिढी ‘रिमोट’ म्हणते, तर नवी पिढी ‘कंट्रोलर’. इ.स. १९९० च्या दशकातील यंत्रांच्या खेळपट्टीला सर्वत्र ‘कॅसेट’ म्हणत, जरी तिच्यात फीत मुळीच नसे.

पूर्वपीठिका

राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून साकारलेले मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हे पहिले घरगुती यंत्र इ.स. १९७२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. जपानच्या निन्टेंडो कंपनीचे फॅमिकॉम इ.स. १९८३ मध्ये आले. भारतात आयातीवर निर्बंध असल्याने या यंत्राचे ‘सामुराई’ नावाचे रूप सुटे भाग जुळवून येथेच तयार केले जात असे. खेड्यांपाड्यांत मात्र पोहोचल्या त्या मुख्यतः फॅमिकॉमच्या स्वस्त नकला. त्यांच्या कॅसेटवर खेळांची संख्या चार आकडी छापलेली असे. प्रत्यक्षात मोजके खेळ नावे व टप्पे बदलून पुन्हापुन्हा दिलेले असत. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या तोंडाशी फुंकर मारण्याची प्रथा या काळात सार्वत्रिक होती. ती उपयोगी वाटे, कारण कॅसेट काढून पुन्हा बसविल्यावर संपर्क सुधारत असे. फुंकरीतील ओलाव्याने धातूच्या पट्ट्या उलट गंजत.

सोनीचे प्लेस्टेशन २ (इ.स. २०००) हे जगात सर्वाधिक खपलेले यंत्र ठरले. डीव्हीडीवरील चित्रपटही त्यावर पाहता येत असल्याने एका खर्चात घराच्या दोन गरजा भागत. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० भारतात सप्टेंबर २००६ मध्ये, प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये, प्लेस्टेशन ४ जानेवारी २०१४ मध्ये, तर प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये अधिकृतपणे विक्रीस आले.

वीजपुरवठा

या प्रदेशात यंत्र बिघडण्याचे कारण पुष्कळदा खेळण्यात नसून विजेत असते. कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे व कालव्यांमुळे येथे ऊस, भाजीपाला आणि द्राक्षबागा वाढल्या, आणि त्यांच्याबरोबर विहिरींवरील व नदीकाठचे पंपही वाढले. शेतीचा थ्रीफेज पुरवठा ठरावीक तासांपुरता, आळीपाळीने दिवसा व रात्री येतो. तो येताच स्वयंचलित स्विच (लोकभाषेत ‘ऑटो’) बसविलेले सर्व पंप एकाच क्षणी सुरू होतात आणि डीपीवरचा दाब एकदम खाली येतो. वस्तीवरील घर त्याच डीपीवर असेल, तर दिवे मंद होतात. पंप बंद होताना दाब पुन्हा उसळतो.

आधुनिक यंत्रांपैकी बहुतेकांचा अंतर्गत वीजपुरवठा १०० ते २४० व्होल्टच्या दरम्यान कोठेही चालतो. तसे यंत्राच्या पाठीमागील पट्टीवर छापलेले असते व खरेदीपूर्वी ते पाहून घ्यावे. अशा यंत्राला कमी दाबाची फारशी बाधा होत नाही. खरा धोका अतिदाबाचा आहे. थ्रीफेज वाहिनीतील न्यूट्रलची तार तुटली किंवा डीपीवर सैल झाली, तर एखाद्या घरातील दाब २३० व्होल्टवरून ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. अशा वेळी दूरचित्रवाणी संच, फ्रीज व कन्सोल एकदम जळतात. त्यामुळे स्टॅबिलायझर घ्यायचा असल्यास दाब मर्यादेबाहेर गेल्यावर पुरवठा तोडणारा आणि तो पूर्ववत झाल्यावर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा जोडणारा असा घ्यावा. फ्रीजसाठी मिळणारे स्टॅबिलायझर बहुधा या प्रकारचे असतात. केवळ ‘स्पाइक गार्ड’ लिहिलेली अनेक छिद्रांची पट्टी दीर्घकाळ टिकणाऱ्या अतिदाबापासून संरक्षण देत नाही. ती क्षणिक उसळीपुरतीच असते.

अर्थिंग हा दुर्लक्षिला जाणारा विषय आहे. घराच्या फिटिंगमध्ये तिसरे छिद्र असते, पण त्याच्या मागे तार असतेच असे नाही. यंत्राच्या धातूच्या भागाला किंवा एचडीएमआय तारेच्या टोकाला हात लागल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर अर्थिंग नाही किंवा कोरडे पडले आहे असे समजावे. कोळसा व मीठ घालून केलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची जुनी रीत शास्त्रशुद्धच आहे, कारण ओलसर माती वीज अधिक चांगली वाहून नेते.

चैत्र-वैशाखातील वळवाच्या पावसात विजा कडाडतात. त्या काळात यंत्राचा प्लग काढून ठेवणारे बरेच असतात, तरीही एचडीएमआयचे तोंड जळाल्याची तक्रार घेऊन तेच दुरुस्तीच्या दुकानात येतात. याचे कारण छतावरील डिशची तार हे होय. जवळपास पडलेल्या विजेची उसळी त्या तारेतून सेट-टॉप बॉक्समध्ये, तेथून दूरचित्रवाणी संचात आणि संचातून एचडीएमआयच्या तारेने यंत्रात शिरते. म्हणून ढग भरून आले की प्लगबरोबर एचडीएमआयची तारही यंत्राकडून उपसावी.

वीज अचानक गेल्यास होणारे नुकसान साठवणीचे असते. खेळाची नोंद लिहिली जात असताना पुरवठा तुटला, तर ती नोंद खराब होते. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर (उदा. प्लेस्टेशन ४) हा धोका अधिक असतो. यंत्र पुढच्या वेळी सुरू होताना साठवण तपासते. ती तपासणी मध्येच बंद करू नये. ‘रेस्ट मोड’ नावाची अर्धनिद्रेची सोय भारनियमनाच्या गावी निरुपयोगी आहे, कारण वीज जाताच थांबवलेला खेळ नाहीसा होतो. नोंद करून यंत्र पूर्ण बंद करणे हेच श्रेयस्कर.

घरी इन्व्हर्टर असल्यास त्याच्या मागील बाजूचे बटण ‘यूपीएस’ या स्थितीत ठेवावे. त्यामुळे वीज गेल्यावर बॅटरीकडे वळण्यास लागणारा वेळ कमी होतो व यंत्र पुन्हा सुरू होण्याची वेळ येत नाही. इन्व्हर्टर ‘साइन वेव्ह’ प्रकारचा असणे चांगले. बॅटरी किती पुरेल, याचा हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट वीज असते, पण वापरता येते ती त्याहून बरीच कमी. प्लेस्टेशन ५ सारखे यंत्र मोठा खेळ चालू असताना सुमारे २०० वॉट घेते. दूरचित्रवाणी संचाचे ८० वॉट धरल्यास २८० वॉट होतात. म्हणजे तीन-चार तासांत बॅटरी संपेल आणि रात्रीच्या पंख्याला काही उरणार नाही. रोज दोन तास याप्रमाणे महिन्याला ६० तास खेळ झाल्यास १६.८ युनिट वीज खर्च होते. लहान आकाराची यंत्रे याच्या निम्म्याहूनही कमी वीज घेतात, ही बाब खरेदीच्या वेळी किंमतीइतकीच महत्त्वाची आहे.

पाऊस, धूळ व जीवजंतू

दोन्ही तालुक्यांचे हवामान एकसारखे नाही. नाणेघाट, आपटाळे, भीमाशंकर, डिंभे या पश्चिमेकडील डोंगराळ भागात पावसाळ्याचे चार महिने घरात ओल असते. आळेफाटा, नारायणगाव, मंचर या पूर्वेकडील पट्ट्यात मात्र मोठे संकट धुळीचे. ओलीच्या भागात यंत्र आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास चालू ठेवावे. आतील उष्णतेने ओलावा निघून जातो. डिस्कवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसल्यास मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोलाकार पुसू नये.

धुळीच्या भागात पंख्याच्या जाळीवर थर साचतो, पंख्याचा आवाज वाढतो आणि यंत्र तापून आपोआप बंद पडते. बाहेरची जाळी मऊ ब्रशने महिन्यातून एकदा झटकणे पुरेसे असते. शेतातील फवारणी पंपाची किंवा गॅरेजमधील हवेची नळी यासाठी वापरू नये. त्या हवेत पाण्याचे व तेलाचे कण असतात आणि जोराच्या झोताने पंखा उलटा फिरून बिघडतो. यंत्र शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवण्याची हौस टाळावी. त्यावर विणलेला रुमाल घालण्याची पद्धतही दूरचित्रवाणी संचासाठी शोभेची असली, तरी येथे हवेची वाट अडविणारी ठरते. ऊब शोधत पाली, झुरळे व मुंग्या आत शिरतात. खेळताना चहा-चिवड्याचे ताट यंत्राशेजारी न ठेवणे हाच त्यावरचा साधा उपाय.

खेळांची साठवण व खरेदी

अलीकडील मोठे खेळ ५० ते १०० जीबी इतकी जागा घेतात. मोबाइलच्या आंतरजालावर दिवसाला २ जीबीची मर्यादा असेल, तर ६० जीबीचा खेळ उतरवण्यास पूर्ण महिना लागेल आणि त्या महिन्यात घरातील कोणाला दुसरे काही पाहता येणार नाही. यामुळे जेथे फायबरची जोडणी पोहोचलेली नाही, तेथे डिस्कचा खाचा असलेले यंत्रच घ्यावे. ‘डिजिटल’ म्हणून विकले जाणारे स्वस्त यंत्र अशा ठिकाणी महाग पडते. डिस्कचा आणखी एक लाभ असा की, खेळ पुरा झाल्यावर ती विकता येते, मित्राला देता येते किंवा बदलून घेता येते. आंतरजालावरून विकत घेतलेला खेळ खरेदीदाराच्या खात्याशी बांधलेला असतो व पुढे विकता येत नाही. डिस्कवरील खेळालाही पुष्कळदा दुरुस्तीची मोठी धारिका उतरवावी लागते. पण एकट्याने खेळायचे अनेक खेळ आंतरजाल बंद ठेवून, ती न उतरवताही सुरू करता येतात.

प्लेस्टेशन ५ च्या मूळ आवृत्तीत ८२५ जीबीची साठवण असून तीपैकी सुमारे ६६७ जीबी वापरण्यास मिळते. जुन्या यंत्रासाठीचे खेळ बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर ठेवले, तर ही जागा मोकळी राहते.

चित्र पाहताना संचाचा ‘गेम मोड’ चालू करावा. बटण दाबणे आणि चित्र हलणे यांतील विलंब त्यामुळे लक्षणीय घटतो. हा पर्याय संचाच्या मेनूत असतो, यंत्राच्या नव्हे, म्हणून अनेकांना वर्षानुवर्षे सापडत नाही. जुन्या कॅसेटच्या यंत्रावरील बंदूक सपाट पडद्यावर मुळीच चालत नाही. ती जुन्या काचनळीच्या संचासाठीच बनविलेली होती.

मुले व खेळाचा वेळ

उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर कायमचा झाल्यापासून या तालुक्यांतील अनेक वस्त्यांवर अंधार पडल्यावर मुलांना अंगणात सोडले जात नाही. लहान मुलांवर हल्ले होऊन मृत्यू झाल्याच्या घटना येथे घडल्या आहेत. सायंकाळचे लपंडाव व विटीदांडू थांबले आणि ती पोकळी मोबाइलने भरली. कन्सोलची मोबाइलशी तुलना करताना हा संदर्भ विसरता येत नाही. कन्सोल घरातील सर्वांच्या नजरेसमोरच्या पडद्यावर चालतो आणि दोन-चार जणांना शेजारी बसून एकत्र खेळता येते. त्यामुळे खरेदीच्या वेळी दुसऱ्या नियंत्रकासाठी पैसे राखून ठेवणे आणि एकाच पडद्यावर अनेकांनी खेळायचे क्रिकेट, फुटबॉल वा मोटारशर्यतीचे खेळ निवडणे अधिक लाभाचे ठरते.

पालकांनी मुलासाठी स्वतंत्र बालखाते उघडावे. त्यात रोजच्या वेळेची मर्यादा, वयानुसार खेळांची निवड आणि खर्चाची मर्यादा ठरवता येते. पालकाच्या खात्यावर कार्डाची माहिती जपून ठेवलेली असल्यास खरेदीसाठी संकेतशब्द अनिवार्य करावा. खेळांच्या वेष्टनावरील ‘१२’, ‘१६’, ‘१८’ हे आकडे खेळाची काठिण्यपातळी दर्शवत नाहीत. ते त्यातील हिंसा व तत्सम मजकुरावरून ठरवलेले किमान वय असते. जागतिक आरोग्य संघटनेने इ.स. २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. पण त्यासाठी खेळावरील ताबा सुटणे व इतर जीवनव्यवहार मागे पडणे ही लक्षणे साधारणतः १२ महिने दिसावी लागतात. सुटीत चार दिवस जास्त खेळलेल्या मुलाला हे नाव चिकटवणे अयोग्य होय.

खोडदची रेडिओ दुर्बीण

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हे ही जागा निवडण्याचे एक कारण होते. कन्सोलचे बिनतारी नियंत्रक २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात व दुर्बीण त्याखालील, सुमारे १.५ गिगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी टिपते. त्यामुळे नियंत्रकांचा थेट अडथळा होत नाही. गाळणी नसलेले स्वस्त अडॅप्टर व ठिणग्या उडणारे सैल बोर्ड मात्र खालच्या पट्ट्यांत गोंगाट पसरवतात, आणि तेच घरातील यंत्रालाही घातक असतात.

भाषा

प्रमुख यंत्रांच्या मेनूत मराठीचा पर्याय नाही. खेळांची अवस्था याहून वेगळी नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने बनविलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर व त्याच वर्षी इतर यंत्रांवर आला. भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा पहाडी लघुचित्रशैली व राजस्थानी वास्तुकला यांच्या आधारे रंगवलेली असून, त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील खेळांच्या गटात तिला नामांकन मिळाले होते. इंग्रजी सूचना न समजल्यामुळे अडून राहणाऱ्या मुलासाठी घरातील मोठ्या भावंडाने पहिले अर्धा तास शेजारी बसणे, हाच सध्याचा अनुवाद आहे.

वापरलेले यंत्र घेताना

नव्या यंत्राची किंमत अनेक कुटुंबांना परवडत नसल्याने पुण्याहून वा तालुक्याच्या बाजारातून वापरलेले यंत्र घेतले जाते. ते दुकानात दहा मिनिटे पाहून घेऊ नये. एखादा जड खेळ लावून किमान अर्धा तास चालवावे, कारण तापल्यावर बंद पडण्याचा दोष त्याशिवाय दिसत नाही. डिस्क घालून-काढून पाहावी, नियंत्रकाची काडी हात न लावता एका बाजूस सरकते का ते तपासावे आणि एचडीएमआयची तार हलवल्यावर चित्र जाते का, हेही पाहावे. आधीच्या मालकाचे खाते यंत्रावरून काढून सर्व माहिती पुसून घ्यावी. आंतरजालावर बंदी घातलेले यंत्र ओळखण्यासाठी विक्रेत्यासमोरच मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून स्वतःच्या खात्याने प्रवेश करून पाहावा. यंत्रावरील व खोक्यावरील अनुक्रमांक जुळत नसल्यास आणि बिल नसल्यास व्यवहार टाळावा.