डबलरोटीचं सोवळं-ओवळं

आमच्या हिंगणघाटात जुन्या बायका ब्रेड म्हणत नाहीत. "येताना डबलरोटी आनजो," असंच सांगतात. पूर्वी घरात डबलरोटी आली की कुणीतरी तापानं पडलंय, हे शेजारणीला न विचारता कळायचं! दुधात बुडवून आजाऱ्याला द्यायची ती वस्तू. देवघराकडे मात्र तिला मज्जाव.

का बरं? पाव हा शब्दच मुळी पोर्तुगीज. गोव्यात तो त्यांच्याबरोबर आला आणि तिथे पीठ फुगायला माडाची ताडी घालत. ख्रिस्त्यांचं खाणं, त्यात ताडी, मग काय विचारता! विहिरीत पाव टाकला अन् अख्खं गाव बाटलं, अशा गोष्टी कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशींनी (हो, डॉ. आनंदीबाईंचे यजमान!) हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात हलकल्लोळ झाला. टिळक आणि न्यायमूर्ती रानडे दोघांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवलाय, मैत्रिणींनो, जरूर वाचा.

मग हे सोवळं सुटलं कसं? माझ्या मते सुधारकांमुळे कमी आणि पुडक्यामुळे जास्त. ब्रेडचे काप करणारं यंत्र अमेरिकेत १९२८ मध्ये दुकानापर्यंत पोचलं. आपल्याकडे केंद्र सरकारनं १९६५ मध्ये मॉडर्न बेकरीज काढली. सरकारी कारखाना, जीवनसत्त्वं घातलेला ब्रेड, वर कागदाचं वेष्टन. कुणी मळला, कुणी भाजला, हे विचारायची सोयच उरली नाही! पुढे २००० साली सरकारनं तिचा ७४ टक्के हिस्सा हिंदुस्थान लिव्हरला विकला. तोवर डबलरोटी आजाऱ्याच्या उशाशेजारून उठून पोरांच्या डब्यात जाऊन बसली होती.

आता सोवळं नाही, पण काळजी आहे. ब्रेड छान फुगावा म्हणून पिठात पोटॅशियम ब्रोमेट घालत. त्यापासून कर्करोगाचा धोका असू शकतो, म्हणून २०१६ मध्ये आपल्या देशात त्यावर बंदी आली. बंदी यायच्या आधी आपण किती वर्षं तो खाल्ला, देव जाणे.

आणि हो, 'ब्राऊन' शब्दाला भुलू नका. पुडक्यामागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. जे सर्वांत जास्त, ते पहिलं लिहावं लागतं. पहिलं नाव मैदा असेल आणि खाली १५० आकडा दिसला, तर तो रंग कॅरमलचा, कोंड्याचा नव्हे! २८२ म्हणजे बुरशी लागू नये म्हणून घातलेलं. चष्मा लावून दुकानातच वाचा. दुकानदार वैतागला, तर वैतागू द्या.