अर्धवट राहिलेलीं रंगचित्रें

सुटीच्या आरंभीं घरांत रंगीत पेन्सिलींची नवी पेटी येते, जाड कागद येतो, आणि मुलें मोठ्या हौसेनें चित्राला बसतात. क्वचित् वडील मंडळीहि बसतात. आठ दिवसांनीं पाहावें तों आकाश रंगलेलें, एक झाड अर्धें, आणि कागद कपाटावर! याला आळस हें नांव देऊन आपण मोकळे होतों. पण शाळेंत अनेक वर्षें मुलांचीं चित्रें पाहिल्यावर मला असें वाटतें कीं, बहुतेकांना या साधनाचा स्वभावच कोणी सांगितलेला नसतो.

शिशाच्या पेन्सिलीची कांडी ग्राफाइट व चिकणमाती मळून भट्टींत भाजलेली असते. ही रीत फ्रान्समध्यें कोंते यानें १७९५ च्या सुमारास काढली. रंगीत कांडींत रंगद्रव्य, मेण अथवा तेल, पांढरी भुकटी व डिंकासारखा चिकट पदार्थ असतो, आणि ती भाजीत नाहींत. या मेणामुळें रंग कागदाच्या खरखरींत अडकून राहतो. ही खरखर म्हणजे चित्राचें भांडवल होय. पहिल्याच थराला जोर देऊन घासलें कीं तें भांडवल एका बैठकींत संपतें, पुढचा रंग घसरूं लागतो आणि मन खट्टू होतें. म्हणून हात हलका ठेवून थरावर थर द्यावे लागतात. पांच, सात, कधीं त्याहूनहि अधिक. जलरंगाच्या कुंचल्यानें जेवढें आकाश दोन मिनिटांत भरतें, तेवढ्याला येथें दोन बैठका लागतात.

खरी अडचण मध्यावर येते. पहिल्या तीन-चार थरांपर्यंत चित्र फिकें, मळकट, केविलवाणें दिसतें. सर्वच चित्रें या अवस्थेंतून जातात हें ज्याला ठाऊक नाहीं, तो आपला हातच वाईट असें समजून कागद गुंडाळून ठेवतो. नेमक्या याच वेळीं “हें काय काढलें आहेस?” असें विचारणाऱ्या पाहुण्यांना चहा देऊन दुसऱ्या खोलींत बसवावें!

आमच्या चांद्याकडे हवाहि आड येते. (१९६४ सालीं नांव चंद्रपूर झालें, पण जुन्या तोंडांना चांदाच बरा वाटतो.) मे महिन्यांत पारा ४७ अंशांपर्यंत चढतो, मेण मऊ पडून रंग जाड बसतो आणि तळहाताच्या घामाचे डाग उठतात. पावसाळ्यांत कागद ओल धरतो. तेव्हां उन्हाळ्यांत सकाळचीच वेळ घ्यावी आणि तळहाताखालीं एक कोरा कागद ठेवावा.

ताडोब्याचें जंगल काढावयाचें म्हणून मुलें मोठा कागद घेतात आणि सारें हिरव्या पेन्सिलीनें भरूं लागतात. पेन्सिल आणि उत्साह बरोबरच संपतात. मी त्यांना पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सागाचें एकच पान काढावयास देत असें. कोवळें सागाचें पान चोळलें तर बोटें तांबडीं होतात. म्हणजे हिरव्याच्या पोटांत तांबडा आहे. प्रथम हलका तांबूस थर द्यावा, त्यावर पिवळा, मग हिरवा, आणि शिरा फिक्या सोडाव्या. दोन-तीन बैठकांत पान पुरें होतें, आणि एक पुरें केलेला मुलगा दुसरें मागावयास आपण होऊन येतो.

चंद्रपूरच्या कोटाबाहेर लालपेठेच्या बाजूस दशमुखी दुर्गा, गणपति वगैरेंच्या प्रचंड पाषाणमूर्ति उघड्यावर आहेत. परंपरा सांगते कीं, रायप्पा नांवाच्या एका कोमटी सावकारानें मोठें शिवालय बांधण्यासाठीं त्या घडविल्या आणि मंदिर उठण्यापूर्वींच तो वारला. मंदिर राहिलें, पण मूर्ति पाहावयास लोक आजहि जातात. मोठें चित्र घ्यावयाचेंच असेल तर तें असें एकेक भाग पुरा करीत न्यावें. सगळा कागद एकदम हलका रंगवीत जावा, असें कांहीं चित्रशिक्षक म्हणतात. तें अनुभवी हाताला ठीक आहे, नवशिक्याला त्या पद्धतीनें महिनाभर मळकट कागदच पाहावा लागतो.

एलिमेंटरी व इंटरमिजिएट या सरकारी रेखाकलेच्या परीक्षांत तींच मुलें चित्र पुरें करतात, कारण तेथें घंटा होते. घरीं ती आपणच करावी. अर्धा तास पुरे. उठतांना काम अशा जागीं थांबवावें कीं पुढची रेघ कोणती हें ठाऊक असेल, आणि कागदामागें चालू पेन्सिलींचीं नांवें लिहावीं. गडचिरोलीकडील दूरच्या गांवीं सुटी पेन्सिल सहज मिळत नाहीं. एक हिरवी संपली म्हणून चित्रें अडलेलीं मीं पाहिलीं आहेत. निळ्यावर पिवळा चढवून तें काम भागतें.

कांहीं चित्रें सोडून द्यावीं, हेंहि सांगितलें पाहिजे. बऱ्याचशा भागावर कागद मेणानें गुळगुळीत होऊन रंग घेईनासा झाला असेल, तर त्यावर आणखी दिवस घालवूं नयेत. उलट, सारे थर नीट बसले असतील तर उजळ भागांवर पांढरी पेन्सिल जोरानें फिरवून रंग एकजीव करावे. त्यानंतर कागद फारसें कांहीं घेत नाहीं. तेव्हां खालीं तारीख घालून चित्र भिंतीवर लावावें. मात्र ती भिंत उन्हाची नसावी. गुलाबी व जांभळे रंग बहुधा सर्वांआधीं उडतात.