मंडईतला वाटाणा आणि जमिनीचा हिशेब

महात्मा फुले मंडईत येणारा पुरंदरचा वाटाणा आणि नारायणगावचा टोमॅटो एकाच पुणे जिल्ह्यातले. इथली शेती समजून घ्यायला या जिल्ह्याचा सरासरी पाऊस सांगून मात्र काहीच हाती लागत नाही. सह्याद्री ढग अडवतो, म्हणून ताम्हिणीला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि इंदापूर-बारामतीकडे पाचशेच्या आसपास.

जमिनीचे आकडे त्याहून अस्वस्थ करणारे आहेत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास करून 1917 साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. जुनी दफ्तरं आणि प्रत्यक्ष पाहणी यांतून दिसलं, की 1771 मध्ये सरासरी 40 एकर असलेली धारणा, म्हणजे एकेका खातेदाराकडची जमीन, 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आली होती. त्यातही एकेकाची जमीन ठिकठिकाणी विखुरलेली. माझ्या मते हे पुस्तक प्रत्येक मराठी वाचकाला माहीत असायला हवं. आज पिंपळे सौदागरमध्ये इमारतीच इमारती आहेत.

हे एका गावाचं झालं; महाराष्ट्राची सरासरी धारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती. 2015-16 च्या कृषिगणनेत ती 1.34 हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर उरली. घरचा सातबारा आणि जुने फेरफार एकदा काढून पाहा. तीन पिढ्यांत किती वाटण्या झाल्या, ते मोजा.