बिनीवर सगळेच, चंदावल कोण?

मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ओळखीचं भेटलं आणि मी मोटरसायकल सहलींचा गट चालवते असं कळलं, की पुढचे तीन प्रश्न ठरलेले असतात. गाडी कुठली? सगळ्यात लांब कुठे गेलात? आणि (जरा आवाज खाली आणून) घरचे काही म्हणत नाहीत का? सगळ्यात शेवटी कोण असतं, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. आमच्या गटात सगळ्यात जास्त वादावादी, रुसवेफुगवे आणि एकदा तर चक्क फाटाफूट झाली ती याच प्रश्नावरून.

इंदूरमध्ये आमचा गट सुरू होऊन सहा वर्षं झाली. नोंदणी नाही, कार्यालय नाही, पगारी माणूस नाही. महिन्यातला एक रविवार ठरलेला. मांडू-महेश्वरकडे जायचं असेल तर पहाटे साडेपाचला राऊ सर्कलला जमायचं, ओंकारेश्वरकडे जायचं असेल तर तेजाजीनगरला. दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटर, वाटेत पोहे-जलेबी, संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरी. कधी जानापाव, कधी बाघची लेणी, वर्षातून एकदा दोन दिवस काढून बऱ्हाणपूर. वयं एकोणीस ते एकसष्ट, निम्मे मराठी घरांतले, बाकी अस्सल माळवी. आमच्यातली भाषाही अशीच मिसळीची, 'अरे भिया, थांब ना' छापाची.

आता गट 'चालवणं' म्हणजे काय, तर फुकट काम करणाऱ्या माणसांकडून काम करून घेणं. ज्यांनी गणेशोत्सव केलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. आरतीला पुढे उभे राहणारे भरपूर, पंगतीत बासुंदी वाढणारेही मिळतात. रात्री साडेअकराला सतरंज्या गुंडाळायला आणि पातेली घासायला कोण कोण उरतं, ते दरवर्षी तेच चार चेहरे असतात. आमच्याकडे फोटो काढायला सात जण तयार असतात. आदल्या आठवड्यात तोच रस्ता स्वतः जाऊन बघून येणं, कुठला पेट्रोल पंप बंद आहे, कुठे पूल खचलाय, कुठे गिट्टी पसरलीय याची नोंद आणणं, याला एक. सगळ्यांचे रक्तगट, घरचे फोन, परवान्याची आणि विम्याची मुदत यांचा तक्ता अद्ययावत ठेवणं, याला कुणीच नाही, म्हणून ते माझ्याकडे. (मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे गटासाठी ॲप कधी करणार असं सगळे विचारतात. करणार नाही. छापलेला एक कागद खिशात असला तर जंगलात नेटवर्क लागत नाही.)

पहिल्या वर्षी शेवटी कोण राहील हे ठरवायची पद्धतच नव्हती. जो मागे पडेल तो शेवटचा. मांडूहून परतताना नालछ्याच्या अलीकडे एका मुलाचं मागचं टायर बसलं. जुनी बुलेट, तारांचं चाक, आत ट्यूब. ट्यूबलेस टायरला रबराची काडी ठोकून दहा मिनिटांत निघता येतं, ट्यूबच्या चाकाला ते चालत नाही, चाक उतरवावं लागतं. फोनला रेंज नव्हती. पुढचे सगळे धारला चहाला थांबले, हसत-खिदळत दोन दोन कप झाले, तेव्हा कुणीतरी गाड्या मोजल्या. परत जाऊन त्याला गाठेपर्यंत तास उलटून गेला होता. त्याला काही झालं नव्हतं, एका शेतकऱ्याच्या खाटेवर बसून तो भुईमुगाच्या शेंगा खात होता. पण 'तुम्ही माझ्याशिवाय चहा घेतलात?' हे त्याने ज्या आवाजात विचारलं, तो आवाज आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या लक्षात राहिला.

त्यानंतर शेवटच्या गाडीचा माणूस ठरवायला लागलो. इंग्रजीत त्याला 'स्वीप' म्हणतात, म्हणजे झाडू मारत येणारा. गटातले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, आपल्याकडे याला जुना शब्द आहे, चंदावल. मराठी फौजेच्या पिछाडीला तसं म्हणत, आणि आघाडीला बिनी. गंमत बघा, 'बिनीचा शिलेदार' आपण आजही भाषणात म्हणतो, चंदावल मात्र शब्दकोशात जाऊन पडला. आम्ही तो तिथून उचलला.

चंदावलचं काम ऐकायला सोपं आहे. कुणाच्याही पुढे जायचं नाही. जो थांबेल त्याच्या मागे थांबायचं. पंक्चरचं सामान, हवेचा पंप, जादा क्लच केबल आणि प्रथमोपचाराची पिशवी हे सगळं त्याच्या गाडीवर. दिवसभर दुसऱ्याच्या धुरात आणि दुसऱ्याच्या वेगाने चालवायचं. चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत पुढच्यांचा चहा संपलेला, आणि 'चला, उशीर होतोय' सुरू.

अवघड का, हे थोड्या हिशोबाने सांगते. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 17 मीटर. दोन गाड्यांमध्ये किमान दोन सेकंदांचं अंतर हवं, म्हणजे 34 मीटर. चौदा गाड्या असल्या की पहिल्या आणि शेवटच्या गाडीत जवळजवळ 440 मीटरचं अंतर पडतं, तेही सगळं शिस्तीत असेल तर. घाटातल्या वळणावर पुढच्याला आरशात तीन गाड्या दिसतात, बाकी देवाच्या भरवशावर.

यात आणखी एक खोच आहे. पुढचा माणूस ट्रॅक्टरच्या मागे 40 वर अडकला, त्याने ट्रॅक्टर ओलांडला आणि लगेच 60 धरला, तर मागचे अजून ट्रॅक्टरमागेच असतात. मोकळे झाल्यावर पडलेलं अंतर भरायला त्यांना 75-80 ने पळवावी लागते. रबर ताणून सोडल्यासारखं हे होतं. म्हणजे पुढचा शांतपणे चालवत असतो आणि मागचा, बहुतेक वेळा सगळ्यात नवखा, जिवावर उदार होऊन पळवत असतो. म्हणून नवीन माणूस दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर, पुढच्याच्या आरशात, आणि मागे सगळ्यात मुरलेले. ट्रॅक्टर ओलांडल्यावर पुढच्याने वेग लगेच वाढवायचा नाही, मागे गाड्या सुटेपर्यंत दम धरायचा. वळण आलं की दुसऱ्या गाडीने नाक्यावर थांबून राहायचं, चंदावल दिसल्याशिवाय हलायचं नाही. ही नाक्यावर थांबायची पद्धत जगभरचे गट वापरतात, आमचा शोध नाही. आणि दहाच्या वर गाड्या झाल्या की दोन तुकड्या, पंधरा मिनिटांच्या अंतराने. वीस गाड्या एकत्र निघाल्या की ती राईड राहत नाही, वरात होते.

हे सगळं लोकांना पटलं. पटणं आणि स्वतः मागे राहणं यात मात्र फरक आहे. दर महिन्याला मी विचारायची, 'शेवटी कोण?' आणि व्हॉट्सॲपवर एरवी शंभर निरोप टाकणारा गट गप्प. मग तेच दोघं-तिघं हात वर करायचे. त्यातल्या एकाने आठ महिन्यांत सहा वेळा मागे राहून शेवटी येणंच बंद केलं. कारण विचारलं तर म्हणाला, 'काही नाही ताई, मला महेश्वरचा घाट बघायचा होता. मी पोचेपर्यंत तुम्ही निघायच्या तयारीत असता.' काही न बोलता कामाची माणसं अशीच गळतात.

तेव्हा आम्ही नियम केला. ज्याला पुढे राहून राईड न्यायची असेल, त्याने आधी तीन राईड चंदावल म्हणून केलेल्या असाव्यात. यात सूट कुणालाच नाही. आणि शेवटची गाडी पोचून तिचा चहा संपल्यावर वीस मिनिटं मोजायची, मग निघायचं.

वादळ झालं. गटातले सगळ्यात तरबेज चार-पाच जण, ज्यांच्याकडे बघून नवीन मुलं गटात यायची, ते म्हणाले, आम्ही गाडी चालवायला येतो, हमाली करायला नाही. त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. आठवडाभर नोकरी करून मिळालेला एक रविवार, पेट्रोल स्वतःचं, आणि वर लोकांची पंक्चरं काढा. पण स्वयंसेवी गटात पगार नसतो, बढती नसते, हुकूम तर कुणावरच चालत नाही. देण्यासारखी एकच गोष्ट असते, मान. तो मान सगळा पुढच्या गाडीला देत राहिलं तर मागे कोण राहील? मला यावर दुसरं उत्तर सापडलं नाही, त्यांनाही नाही. ते गेले, त्यांच्याबरोबर आणखी काही गेले. बेचाळीस जणांचे आम्ही एकोणीस उरलो. त्यातले दोघं माझे कॉलेजपासूनचे मित्र. आजही लग्नाकार्यात भेटतो, बोलतो, गाड्यांवर मात्र बोलत नाही.

त्यानंतरच्या सप्टेंबरमध्ये ओंकारेश्वरहून येताना भेरूघाटात एक काका घसरले. पाऊस थांबला होता, पण एका वळणावर कुठल्याशा ट्रकचं डिझेल सांडलेलं होतं. ओल्या रस्त्यावर ते दिसत नाही. काका नवव्या क्रमांकावर, त्यांच्या मागे चंदावल म्हणून बँकेत काम करणारी एक मुलगी, तिची तिसरी खेप. तिने आपली गाडी वळणाच्या आधी नेऊन दिवे लुकलुकत उभी केली, वरून उतरणारे ट्रक हात करून थांबवले, एका ट्रकवाल्याला वळणाच्या पलीकडे उभं केलं आणि मग 108 ला फोन लावला. काका 'हेल्मेट काढा, हेल्मेट काढा' म्हणत होते. श्वास नीट चालू होता, बोलत होते, म्हणून तिने काढू दिलं नाही. मानेला मार असेल तर ओढाताणीत तो वाढतो. खिशातल्या कागदावरून रक्तगट आणि घरचा फोन सांगितला. आम्ही पुढचे सिमरोलला पोचलो तेव्हा तिचा निरोप येऊन पडला होता. खांद्याचं हाड मोडलं होतं, बाकी खरचटणं.

तो ट्रकवाला आधी थांबायला कचरत होता, पोलिसांचं लचांड नको म्हणून. ही भीती अजून खूप जणांना आहे, म्हणून सांगते. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात 134 अ हे कलम आलं. त्यानुसार अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. आपल्या घरातल्या मुलांना हे जरूर माहीत असू द्या.

विम्याचंही तसंच. मालक-चालकाचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण 15 लाखांचं असतं, पण ते ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्यासाठी, आणि परवाना वैध असेल तर. भावाची गाडी मागून आणली तर ते लागू होत नाही. हे कळल्यापासून मागून आणलेली गाडी आमच्या राईडला चालत नाही. हेल्मेट आयएसआय खुणेचंच हवं, 1 जून 2021 पासून दुसरं विकणंच बेकायदेशीर आहे, तरी रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांची टोपली मिळतेच. ती घालून आलेल्याला आम्ही पोहे खाऊ घालून घरी पाठवतो.

काकांना बघायला गेले तेव्हा काकू दारातच म्हणाल्या, 'आता पुरे झालं ना हे?' मी काहीच बोलले नाही. आतून काका म्हणाले, 'अगं, तिला चहा तरी दे.' चहा झाला. काकूंनी मग तपशिलात विचारलं, ते पडल्यापासून कुणीतरी जवळ पोचेपर्यंत किती वेळ गेला? मी सांगितलं, तीन-चार सेकंद, ती मागेच होती. त्या जरा वेळ कप हातात धरून बसल्या. त्यांनी परवानगी दिली नाही, नाहीही म्हणाल्या नाहीत. त्या अपघातानंतर दोन घरांतून आपल्या मुलांना पाठवणार नाही असे फोन आले, आणि ते मला रास्त वाटले. गट बंद करावा का, यावर एका रविवारी राईडऐवजी तीन तास चर्चा झाली. ठरलं ते एवढंच, की पावसाळ्यात घाट नाही. जून ते सप्टेंबर देवास, उज्जैन, असे सपाटीचे रस्ते.

काका फेब्रुवारीत परत आले. गाडी घेऊन नव्हे, काकूंना घेऊन, कारमधून, बरोबर डब्यात पुरणपोळ्या. राईडच्या मागून कार चालवत महेश्वरपर्यंत आले. शेवटची गाडी त्यांची, असं त्यांनीच जाहीर केलं. नियमात चारचाकी बसते का यावर वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

सध्या आम्ही सव्वीस आहोत. दिवाळीनंतरची पहिली राईड रावेरखेडीची, बडवाह, मोरटक्का, सनावदवरून. बाजीराव पेशव्यांनी 28 एप्रिल 1740 ला तिथेच नर्मदेकाठी देह ठेवला, त्यांची समाधी आहे. जायला फारशी गर्दी नसते, नदी शांत असते. मंडळातल्या कुणाला यायचं असेल तर स्वतःच्या नावावरची गाडी, परवाना, विम्याचा कागद आणि आयएसआयचं हेल्मेट आणावं. पुढे कोण हे ठरलंय. चंदावल म्हणून दोन नावं आली आहेत, आणि दोघांनाही तोच रविवार हवाय.