महूला या, पण मुक्कामाने!

महू म्हटलं की मराठी माणसाला १४ एप्रिल आठवतो. १८९१ साली याच छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. जयंतीला महाराष्ट्रातून माणसांचा पूर येतो आणि दर्शन घेऊन ओसरतो. माझी विनंती एवढीच, की मुक्काम थोडा वाढवा. माळवा, निमाड आणि भिलांचा मुलूख, तिन्हीकडचे नाच इथून गाठता येतात.

आधी माळव्याची मटकी. या नाचात डोक्यावर मडकं नसतं! मटकी हा ढोलाचा ठेका. लग्नघरी एखादी बाई घुंगट ओढून एकटीच सुरुवात करते, मग बाकीच्या तिला मिळतात. चेहरा झाकलेला, त्यामुळे सगळं बोलणं हातांचं आणि गिरक्यांचं. आडा-खडा आणि रजवाडी या तिच्याच बहिणी.

महूहून जाम दरवाजा ओलांडून घाट उतरलात की निमाड लागतो, पुढे महेश्वर. आपल्याकडे चैत्रगौर झोपाळ्यावर बसते, त्याच तृतीयेला इथे गणगौर रंगात असते. टोपल्यांत गव्हाचे जवारे उगवतात, धणियर राजा आणि रणुबाईचे रथ सजतात आणि ते डोक्यावर घेऊन बाया नाचतात. २०२४ मध्ये ही तृतीया ११ एप्रिलला होती, जयंतीच्या तीनच दिवस आधी. असा योग आला तर सोडू नका.

आणि भगोरिया! त्यासाठी मात्र जयंतीची वाट न बघता आधीच यावं लागतं. होळीच्या आधीच्या आठवड्यात झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोन या जिल्ह्यांतले आठवडे बाजारच उत्सव होतात. गुजरातेत मजुरीला गेलेली कुटुंबं यासाठी गावी परततात. गुलाल, फुटाणे, साखरेचे हार-कंगन, होळीची सगळी खरेदी इथेच. गावोगावचे जथे आपापला मांदल घेऊन येतात. हा ढोल एवढा दांडगा, की वाजवणारा त्याच्याआड अर्धा झाकला जातो. जोडीला थाळी, बासरी आणि मधूनच उठणारी आरोळी, कुर्राटी. एका रंगाचे कपडे घातलेल्या मुली, अंगभर चांदी, हातांत हात गुंफलेले आणि ताडीचा हंगाम ऐन भरात. इथे मुलंमुली पळून जाऊन लग्न करतात, ही गोष्ट पाहुण्यांना फार आवडते. आदिवासी तरुण मात्र त्यावर ठाम आक्षेप घेतात, आणि तो मला पटतो. होळीच्या बाजाराला आलेल्या माणसांकडे त्या नजरेने बघू नये. फोटोही विचारूनच काढावा.

तुर्कस्तानातला हलाय हा नाच पाहिलेल्यांना इथे ओळखीचं काही सापडेल. तिथेही मोठा ढोल, दावुल, आणि सनईच्या कुळातला झुर्ना. करंगळीत करंगळी अडकवून साखळी धरतात, पहिला गडी रुमाल फिरवतो आणि पाहुणा शेपटाला जाऊन जोडला जातो. रंगमंचावरचे नाच पाहायचे तर इंदूरच्या लालबागेत मालवा उत्सव भरतो, तोही छान. पण ज्या नाचात बघे आणि नाचणारे एकमेकांत मिसळतात, त्याची मजा बाजारातच.

महू लांब पडत असेल तर आपल्या नंदुरबारला जा. धडगाव, अक्कलकुव्याकडे हाच बाजार भोंगऱ्या म्हणून भरतो, आणि काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. पंचांगात होळी बघा, आठवडाभर आधीची तिकिटं काढा आणि निघण्याआधी कोणत्या गावाचा बाजार कोणत्या वारी, तेवढं स्थानिक माणसाला विचारून ठेवा.