‘प्रोफोन्दो रोस्सो’ची दुसरी बाजू

दारिओ आर्जेन्तो यांच्या ‘प्रोफोन्दो रोस्सो’ या रहस्यपटाला आणि त्याच नावाच्या ध्वनिमुद्रिकेला पन्नास वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने त्यातील खून, लाल रंग आणि कॅमेऱ्याची करामत यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. संगीताचा विषय निघाला तो मात्र बहुधा आरंभीच्या त्या एका प्रसिद्ध धुनेपाशीच थांबला. ‘गॉब्लिन’ या वाद्यवृंदाची ही पहिली तबकडी. तीत काव्य नाही, कथन नाही; आणि तरीही जॅझचा संस्कार व जड, गुंतागुंतीच्या रॉकचा आवेग यांचा जो संयोग त्या काळच्या इटलीत अनेकांनी इच्छिला, पण फार थोड्यांना साधला, तो या तबकडीत साधलेला आहे. तो कसा साधला याचे उत्तर माझ्या मते त्या गाजलेल्या धुनेत मिळत नाही. ते तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर आणि एका वडीलधाऱ्या संगीतकाराच्या चरित्रात शोधावे लागते.

संगीताची कामगिरी प्रथम मिलानचे जॅझ पियानोवादक जॉर्जो गास्लिनी यांच्याकडे सोपवली होती. त्यांचे काम आर्जेन्तो यांच्या मनास येईना, मतभेद वाढले, आणि पिंक फ्लॉइडसारख्या मातब्बर इंग्रज मंडळींना पाचारण करण्याचा विचार दिग्दर्शकाच्या मनात घोळू लागला. तेव्हा ‘चिनेवॉक्स’ या ध्वनिमुद्रिका कंपनीचे कार्लो बिक्सिओ यांनी आपल्याकडे करारबद्ध असलेल्या काही अनोळखी मुलांचे नाव पुढे केले. कीबोर्डवर क्लाउदिओ सिमोनेत्ती, गिटारवर मास्सिमो मोरान्ते, बासवर फाबिओ पिन्यातेल्ली, हे सारे विशी ओलांडून नुकतेच पुढे सरकलेले. ड्रमवर आरंभी वॉल्टर मार्तिनो, आणि काम चालू असतानाच त्याच्या जागी आलेला आगोस्तिनो मारांगोलो. मुख्य धून या मुलांनी एका रात्रीत रचली आणि दुसऱ्या दिवशी मुद्रित केली, असे सांगतात. ही हकिकत चमत्कार म्हणून सांगण्याची वहिवाट पडली आहे, पण तीत मला चमत्कार दिसत नाही. हीच मंडळी लंडनला जाऊन, तिथे नशीब उघडत नाही असे पाहून परत आलेली होती, आणि पुढे ‘चेरी फाइव्ह’ या नावाने निघालेली एक संपूर्ण तबकडी मुद्रित करून ती बाजारात येण्याची वाट पाहत होती. वर्षानुवर्षांची तालीम पाठीशी असताना मुदत तेवढी एका रात्रीची होती, इतकेच. मात्र ‘चेरी फाइव्ह’मध्ये टोनी तार्तारिनी हा गायक होता आणि गीते इंग्रजीत होती. चित्रपटाला गायकाची गरज नव्हती. गळ्यावर जीव टाकणाऱ्या इटलीसारख्या देशात निव्वळ वाद्यांच्या जोरावर उभा राहणारा हा वृंद असा एका बाह्य निमित्ताने जन्मास आला.

आता गास्लिनींविषयी. १९२९ साली मिलानमध्ये जन्मलेल्या या माणसाने १९५७ मध्ये बारा स्वरांच्या पद्धतीची रचना आणि जॅझ यांना एकत्र आणणारी ‘तेम्पो ए रेलात्सिओने’ ही कृती सादर केली. १९६१ मध्ये आन्तोनिओनी यांच्या ‘ला नोत्ते’ला संगीत दिले, आणि त्या चित्रपटातील रात्रीच्या मेजवानीत त्यांचे चतुष्टय प्रत्यक्ष पडद्यावरही वाजवताना दिसते. पुढे कारखान्यांत, विद्यापीठांत, मनोरुग्णालयांत जाऊन त्यांनी मैफिली केल्या, आणि सर्व संगीतप्रकारांमधले कुंपण काढून टाकावे असा जो सिद्धान्त ते अनेक वर्षे मांडीत होते, तो त्यांनी ‘मूझिका तोताले’ या ग्रंथात बद्ध केला. तो ग्रंथ १९७५ चा, म्हणजे या तबकडीच्याच वर्षीचा. त्याआधी १९७२-७३ मध्ये रोमच्या सान्ता चेचिलिया या मातब्बर संगीतविद्यालयात जॅझचा वर्ग त्यांनी चालवला होता, आणि शास्त्रोक्त शिक्षणाच्या त्या मंदिरात जॅझला रीतसर प्रवेश मिळवून देण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. चित्रपटाचा नायक मार्कस डेली हा रोममध्ये जॅझ शिकवणारा पियानोवादकच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आरंभीच्या तालमीच्या प्रसंगाला निराळाच अर्थ येतो. तिथे हा शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना सांगतो की तुमचे वादन उत्तम आहे, पण फार स्वच्छ, फार नेटके आहे. हे संगीत कुंटणखान्यांतून जन्मले आहे, त्याला थोडा मळ लागू द्या.

या उपदेशात मला सबंध तबकडीची किल्ली सापडते. पहिल्या बाजूवरील मुख्य धून विषम मात्रांच्या आवर्तनात फिरणारी आहे. ऐकताना माइक ओल्डफील्डच्या ‘ट्यूब्युलर बेल्स’ची आठवण होते, आणि मग चर्चच्या ऑर्गनचा लोंढा आला म्हणजे ती आठवण पुसलीही जाते. धून अप्रतिम आहे, परंतु नेटकी आहे. ‘डेथ डाइज’मध्ये बास आणि ड्रम यांनी धरलेला वेग हा तिच्यापेक्षा मोकळा, अधिक रक्तामांसाचा. दुसऱ्या बाजूवर गास्लिनींच्या रचना येतात, आणि त्यांतील ‘वाइल्ड सेशन’ व ‘डीप शॅडोज’ वाजवताना या मुलांना जे करावे लागले ते त्यांच्या स्वतःच्या रचनांनी त्यांच्याकडून मागितले नव्हते: ज्याची स्वररचना एका जॅझ पंडिताच्या शिस्तीत घडली आहे, त्यात आपल्या गिटारचा जडपणा आणि ड्रमचा दांडगावा ओतायचा. ‘डीप शॅडोज’मध्ये गिटार अशी कडाडते की लिहिणाऱ्याचा स्वच्छपणा आणि वाजवणाऱ्याचा मळ यांपैकी कोणी कोणाला जिंकले हे सांगता येऊ नये. पडद्यावरच्या शिक्षकाने मागितलेली गोष्ट प्रत्यक्षात या अर्ध्यावर सुटलेल्या सहकार्याने दिली. गास्लिनी शेवटपर्यंत टिकते तर संगीत अधिक सुसंगत झाले असते, आणि मुलांनाच सारे दिले असते तर अधिक जोरकस; पण या दोन्ही शक्यतांपेक्षा जे घडले ते मला मोलाचे वाटते.

हे संगीत लोकांपर्यंत पोहोचले कसे, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. चित्रपट ७ मार्च १९७५ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी मिलान आणि रोम येथे लू रीडच्या मैफिली दंगलीत उधळल्या गेल्या होत्या. तिकिटाचे दाम नाकारणारे तरुण, अश्रुधूर, पोलीस, असे चित्र त्या दशकात इटलीच्या रॉक मैफिलींच्या वाट्याला वारंवार आले, आणि परदेशी कलावंत तिकडे फिरकण्यास कचरू लागले. ज्या देशाने १९७२ मध्ये व्हॅन डर ग्राफ जनरेटरसारख्या दुर्बोध वृंदाची तबकडी विक्रीत पहिल्या क्रमांकावर नेली, तिथे श्रोता होता, पण बसण्याची जागा धोक्यात आली होती. काळोख्या चित्रपटगृहात, तिकीट काढून, शांतपणे बसलेल्या प्रेक्षकाला आर्जेन्तो यांनी तेच संगीत मोठ्या आवाजात ऐकवले. तबकडीही विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेली, आणि खप दहा लाखांच्या वर गेल्याचे सांगितले जाते.

पुढच्याच वर्षी ‘गॉब्लिन’ने ‘रोलर’ ही शब्दविरहित तबकडी कोणत्याही चित्रपटाच्या आधाराविना काढली. तिला तो खप लाभला नाही, पण कारागिरीत ती पहिलीच्या वरचढ आहे, आणि मारांगोलोचे ड्रमवादन तीत पुरते फुललेले आहे. तरीही ती ऐकताना मला सतत कोणीतरी विरोध करणारा हवा होता असे वाटत राहते. १९७७ च्या ‘सस्पिरिया’त आर्जेन्तो यांनी त्यांना कुजबूज, घंटा आणि किंकाळ्या यांच्या प्रदेशात नेले, ते काम थोरच, पण गास्लिनींनी दिलेल्या आव्हानाशी त्याचा संबंध उरलेला नव्हता. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने जो कोणी ही पहिली तबकडी नव्याने विकत घेईल, त्याने ती ‘वाइल्ड सेशन’पासून लावावी आणि मुख्य धून शेवटी ऐकावी.