किनोआ, चाकवत आणि वरकसावरची वरई

ताकातला चाकवत ज्याने खाल्ला आहे, त्याने किनोआच्या सख्ख्या भावंडाची पाने खाल्ली आहेत. वनस्पतिशास्त्रात दोघांची प्रजाती एकच, केनोपोडियम. गव्हाच्या रानात तण म्हणून उगवणारा चाकवत आपण कोवळा असतानाच खुडतो, त्यामुळे त्याचे दाणे सहसा कोणी पाहत नाही. हिमाचलातल्या उंचावरच्या गावांत मात्र याच प्रजातीतला बाथू दाण्यांसाठी पेरण्याची जुनी चाल आहे. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातल्या शेतकऱ्यांनी हेच काम हजारो वर्षे नेटाने केले आणि त्यातून किनोआ घडला. टिटिकाका सरोवराच्या भोवतीचे ते पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 3,800 मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या तोरण्याच्या माथ्याच्या अडीचपटीहून जास्त. तिथे रात्री दहिवर गोठते, पाऊस बेताचा आणि माती जागोजागी खारट. अशा ठिकाणी माणसाला पोसणारे धान्य उभे राहिले, हे शेतीच्या इतिहासातले खरोखरच मोठे आश्चर्य आहे.

किनोआ गवताच्या कुळातला नाही. भात, गहू, ज्वारी, नाचणी ही सगळी गवते. किनोआ राजगिऱ्याच्या कुळातला. त्याच्या दाण्यात अंकुर कडेने वेढा घालून बसलेला असतो आणि दाण्याच्या मानाने तो बराच मोठा असतो. शिजल्यावर जो पांढरा वळलेला धागा सुटून येतो, तो हाच अंकुर. प्रथिने आणि स्निग्धांश यांचा मोठा वाटा त्यातच असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम कच्च्या किनोआत सुमारे 13 ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ 15 ग्रॅम तंतू असतात. सडलेल्या पांढऱ्या तांदळात प्रथिने सुमारे 8 ग्रॅम आणि तंतू 3 ग्रॅमच्याही आत. तांदळात उणे असलेले लायसिन हे अमिनो आम्ल किनोआत चांगले आहे. दाण्याच्या सालीवर सॅपोनिनचा कडू थर असतो. रिठ्याला फेस आणणारे द्रव्य याच जातीचे. त्या कडूपणाने पाखरे पिकापासून दूर राहतात, आणि त्याचमुळे किनोआ फेस जाईपर्यंत धुवावा लागतो.

हे धान्य जगभर पसरायला फार उशीर लागला. इंका आई आणि स्पॅनिश बाप यांच्या पोटी जन्मलेला इतिहासकार गार्सिलासो दे ला व्हेगा याने 1609 मध्ये छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, त्याने स्पेनमध्ये मागवलेले किनोआचे बी पोचेपर्यंत मेलेले होते. पुढे 1993 मध्ये नासाने, दीर्घ अंतराळप्रवासात यानातच पिकवता येईल असे पीक म्हणून किनोआवर अहवाल काढला. 2013 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी किनोआचे वर्ष म्हणून पाळले. भारतात आता राजस्थानात त्याची शेती होते, आणि पुण्यातल्या किराणा दुकानांत त्याची पाकिटे तांदळाच्या शेजारी दिसतात.

आता पुणे जिल्ह्यातले भोर आणि वेल्हे. वेल्ह्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये मान्यता दिली. हे दोन्ही भाताचे तालुके. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर तरवा टाकायचा, मग चिखलणी आणि लावणी, असे इथले वर्ष भाताभोवती फिरते. खाचरांत इंद्रायणी दिसते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून काढलेला हा वाण. अशा मुलखातल्या माणसाला मधुमेहाच्या भीतीने भात सोडून किनोआ खा असे सांगितले जाते, तेव्हा आकडे ताटातले पाहावेत, पाकिटावरचे नव्हे. शिजलेल्या 100 ग्रॅम किनोआत सुमारे 120 उष्मांक आणि 4.4 ग्रॅम प्रथिने, तर तेवढ्याच शिजलेल्या भातात सुमारे 130 उष्मांक आणि 2.7 ग्रॅम प्रथिने. प्रथिनांत आणि तंतूंत किनोआ सरस आहेच, पण उष्मांकांत फरक थोडा. शिवाय भातावर वरण आले की तांदळातले लायसिनचे उणे डाळ भरून काढते आणि डाळीतले मेथिओनिनचे उणे तांदूळ. वरणभात हे पूर्ण प्रथिनांचेच जेवण आहे. वाढवायचे असेल तर वरण वाढवावे. कमी करायचे असेल तर ताटातला भात.

किनोआ इथे पिकेल का? पावसाळ्यात नाही. मुळाशी पाणी साचलेले त्याला सोसत नाही, आणि पिकलेल्या कणसावर पाऊस पडला तर दाण्यांना झाडावरच मोड येतात. आपल्याकडे तो रब्बीतच घ्यावा लागतो. या डोंगरांतल्या पावसासाठी घडलेली धान्ये वेगळी आहेत, आणि ती खाचरात नसून वर, उताराच्या वरकस जमिनीत आहेत: नाचणी आणि वरई. दोन्ही पिकांची पाने कडक उन्हात कमी पाण्यावर जास्त अन्न तयार करतात; ती क्षमता भातात नाही, किनोआतही नाही. नाचणीत 100 ग्रॅममागे सुमारे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात जेमतेम 7 ते 8. वरईत प्रथिने सुमारे 10 ग्रॅम आणि तंतू पावणेआठ ग्रॅम. भाताची जागा भाताच्याच रूपात घेणारे इथले धान्य वरई आहे, असे मला ठामपणे वाटते. ती मोकळी शिजते, वरणाबरोबर जाते आणि इथल्या जिभेला ओळखीची आहे.

मग ती मागे का पडली? मुख्य कारण कांडपाचे. वरईचा दाणा बारीक आणि फोलपट घट्ट. घरच्या उखळात ती सडायची म्हणजे बाईच्या खांद्यांची परीक्षा, आणि ते कष्ट कुणी मोजले नाहीत. साळ सडायची गिरणी जवळ, भगरीच्या, म्हणजे सडलेल्या वरईच्या, गिरण्या मात्र नाशिककडे. वरई उपवासापुरती उरली. राहुरी विद्यापीठाच्या कोल्हापूर केंद्राने काढलेल्या वरईच्या एका वाणाचे नावच ‘फुले एकादशी’ आहे.

उपवासाच्या डब्यातला राजगिराही इथे आठवावा. तो किनोआच्याच कुळातला आणि मूळचा अमेरिकेतलाच. मेक्सिकोतले अझ्टेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करत, म्हणून स्पॅनिश सत्तेने त्याच्यावर घाव घातला. तिकडे आजही लाह्या पाकात वळून मिठाई करतात, आणि ती आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीहून फारशी वेगळी नाही. राजगिऱ्यातली प्रथिने किनोआइतकीच, सुमारे 13 ग्रॅम.

किनोआ चाखायचा असेल तर जरूर चाखावा: चार पाण्यांत धुऊन, दुप्पट पाण्यात पंधरा मिनिटे. रोजच्यासाठी वरई घ्यावी. कढईत कोरडी परतून अडीच-तीनपट आधणाच्या पाण्यात शिजवली की ती चिकट होत नाही. बाजारातली पांढरीशुभ्र वरई जास्त सडलेली असते आणि तिच्यातले तंतू कोंड्याबरोबर गेलेले असतात. भगर म्हणून मिळते त्यात कधी साव्याचे दाणेही असतात. कमी सडलेली, पिवळसर करडी वरई मिळाली तर ती घ्यावी. तिच्यात तेलाचा अंश टिकून असल्याने ती लवकर खवट होते, तेव्हा थोडी थोडी आणून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.